तीनशे अठरावा प्रश्न

"मग ते दार आत कसं उघडलं, तेवढं तरी सांगा."

"ढकललं म्हणून."

मास्तरांनी मानही वर केली नाही. परातीत भाकरी थापली जात होती, थप थप थप, आणि प्रत्येक थापेसरशी ती गोल फिरत होती.

केतकीने वहीत बोट घातलं आणि वही मिटली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मास्तर, मी गंमत करत नाहीये. तिसऱ्या भागात यानाचं दार बाहेर उघडतं. आठव्यात बाहेर. बाराव्यात बाहेर. एकविसाव्यात कप्तान बाहेरून परत येते आणि तेच दार आत ढकलते. बाहेर निर्वात पोकळी आहे. आत हवा आहे. आतली हवा त्या दाराला असं रेटून धरेल की दहा पैलवानांनी ढकललं तरी ते हलणार नाही. तुमची कप्तान यमुना ते कोपराने उघडते. दुसऱ्या हातात तिच्या डबा आहे."

"कसला डबा?"

"ऑक्सिजनचा असावा."

"नाही. तिचा जेवणाचा होता. ठेवायला विसरली." मास्तरांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "आणि दाराचं विचारशील, तर त्या दिवशी सेटच्या मागे कुणीतरी पाण्याचं पिंप आणून ठेवलं होतं. भरलेलं. दार बाहेर उघडेना. मग बिजागऱ्या उलट्या मारल्या."

"पिंप हलवता आलं नसतं?"

"हा दुसरा प्रश्न झाला. त्याला दुसरी भाकरी."

चुलीच्या पलीकडे आमटी ढवळत बसलेल्या सोनाक्का पदराआड हसल्या.

केतकी शिरोळे कोल्हापूरहून सकाळच्या गाडीने गगनबावड्याच्या वाटेला लागली होती. फाट्यावर उतरून चार किलोमीटरचा चढ चढली होती. टेकडीवर हा मठ. कुणा बैराग्याची समाधी, तीन खोल्या, एक पिंपळ. दुपारी जो येईल त्याला भाकरी आणि आमटी मिळायची. आमटी सोनाक्कांची, भाकरी चौगुले मास्तरांची.

सोळा वर्षांपूर्वी याच चौगुले मास्तरांनी टीव्हीवर 'परतीचं यान' आणलं होतं. हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस. त्याने कथा लिहिली, संवाद लिहिले, पुठ्ठ्याचं यान कापलं, रंगवलं आणि दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आकाशात सोडलं. यानाचं नाव 'रेवती'. आत सात माणसं. वाट चुकलेली, पृथ्वीकडे परत निघालेली. एकोणचाळीस भाग झाले. एकोणचाळिसाव्यात रेवतीला दूरवर एक निळा ठिपका दिसला... आणि पुढच्या शनिवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. कुणी काही सांगितलं नाही.

केतकी तेव्हा सात वर्षांची होती. त्या शनिवारी ती साडेसात वाजेपर्यंत टीव्हीसमोरून उठली नव्हती.

आता ती तेवीस वर्षांची होती आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. कुणीतरी तेव्हा टेप करून ठेवलेल्या कॅसेटींवरून तिने प्रत्येक भाग चाळीस चाळीस वेळा पाहिला होता. शंभर पानी वहीत चार रकाने आखले होते. भाग, मिनिट, सेकंद, चूक. लाल पेनाने तीनशे सतरा नोंदी. महाराष्ट्रात या मालिकेचे वेडे अजून शे-दीडशे तरी होते, एकमेकांना पत्रं लिहिणारे, इंटरनेटवर भांडणारे. त्यांच्यात या वहीला मान होता. वाद झाला की म्हणायचे, केतकीला विचारा.

चाळिसावा भाग मास्तरांनी लिहून ठेवलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुणाला मिळाला नव्हता.

केतकीला तो हवा होता. मंडळींनी मिळून तो वाचायचा, आवाज द्यायचे, ध्वनिमुद्रण करायचं, असं ठरलं होतं. आणि त्याआधी त्यातली एकूण एक चूक ती काढणार होती. निदान एक तरी भाग असा असावा, की ज्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. एवढं सुंदर स्वप्न गबाळेपणाने दाखवायचा कुणाला काय अधिकार, हे तिचं म्हणणं होतं. ते तिने मठाच्या पायरीवर बूट काढता काढताच सांगून टाकलं होतं.

मास्तरांनी ऐकून घेतलं होतं. मग म्हणाले होते, "वहीत किती आहेत?"

"तीनशे सतरा."

"सगळ्यांची उत्तरं मला पाठ आहेत. सोळा वर्षं लोक येतात, तेच विचारतात. मला कंटाळा आलाय." मग त्यांनी परात पुढ्यात ओढली होती. फिरू नये म्हणून तिची एक कड मांडीखाली दाबून धरली होती. "मला उत्तर येत नाही असा एक प्रश्न विचार. चाळिसावा भाग घेऊन जा."

"आणि सगळ्यांची उत्तरं आली तर?"

"तर जेवून जा."

"किती वेळ आहे मला?"

मास्तरांनी परातीतल्या पिठाच्या ढिगाकडे बोट केलं होतं. "पीठ आहे तोवर. एका भाकरीला एक प्रश्न."

केतकीने ढीग डोळ्यांनी मोजला होता. वीसेक भाकऱ्या होतील. वीस पुष्कळ झाल्या, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता दाराची भाकरी टोपलीत पडली. ती आठवी होती.

आधीच्या सातांत तिने आपली हुकमी पानं खर्ची घातली होती. पोकळीत आवाज जात नाही, तरी पाचव्या भागात स्फोटाचा आवाज येतो, हे तिने पहिल्यालाच टाकलं होतं. मास्तर म्हणाले होते, "दुसऱ्या भागातला स्फोट बिनआवाजाचा दाखवला होता. लोकांनी आपापल्या टीव्हीला धपाटे घातले."

रेवतीत सात माणसं, मग जेवणाच्या टेबलावर आठ ताटं का?

"आठवं माझं. मला भूक लागायची."

यानातलं घड्याळ एकोणचाळीस भाग चार वाजून दहा मिनिटंच दाखवतं.

"चालू ठेवलं की टिकटिक रेकॉर्ड व्हायची. सेल काढून ठेवला."

कप्तानच्या मनगटावरचा पट्टा चौदाव्या भागापर्यंत डाव्या हाताला, पुढे उजव्या.

"ती डावखुरी आहे हे आम्हाला चौदाव्या भागात कळलं."

असं सगळं. उत्तर द्यायला त्यांना भाकरी उलटायला लागतो तेवढाही वेळ लागत नव्हता.

"विचार की," मास्तर म्हणाले. नववा उंडा त्यांच्या तळव्यावर फिरत होता. "पीठ वाळतंय."

केतकीने पानं उलटली. "बत्तिसावा भाग. परग्रह. तिथे जीवसृष्टी नाही असं शास्त्रज्ञ स्वतः सांगतो. सांगताना मागे कावळा ओरडतो."

"हो."

"परग्रहावर कावळा कुठून आला?"

"खिडकीतून."

सोनाक्कांनी पळी आपटली. "मास्तर, पोरगी चढ चढून आलीया. जरा नीट बोला की तिच्यासंगं."

"नीटच बोलतोय. खिडकी उघडी होती."

दहावी भाकरी. रेवती पृथ्वीपासून चार प्रकाशवर्षं दूर आहे. प्रश्न पाठवला तर उत्तर यायला आठ वर्षं लागतील. कप्तान आईला हाक मारते आणि आई लगेच 'ओ' देते.

"अर्ध्या तासाचा भाग होता."

अकरावी. यंत्रमानवाचा आवाज सतराव्या भागात अचानक बायकी होतो.

"आवाज देणारा लग्नाला गेला होता. त्याच्या बहिणीने दिला."

बारावी.

"अकराव्या भागापासून सूर्याला पोचा आहे," केतकी म्हणाली. आता ती वहीत न बघताच बोलत होती. "नोंद अठ्ठ्याऐंशी. चौथ्या भागात तोच सूर्य चांगला गोल आहे. अकराव्यात डाव्या अंगाला चेपलेला. एकोणिसाव्यात तो पोचा वर गेलाय. चोविसाव्यात उजवीकडे. ताऱ्याला पोचा पडत नाही, मास्तर. आणि पडला तर तो असा काट्यासारखा फिरत नाही."

"पडला."

"कोण पडला?"

"सूर्य. शिडीवरून. नंतर टांगताना कधी असा टांगला, कधी तसा." त्यांनी भाकरी निखाऱ्याशी उभी केली. ती टम्म फुगली. "ही कशी झालीय बघ."

केतकीने बघितलं नाही.

तेरावी, चौदावी, पंधरावी. तिचे प्रश्न आखूड होत गेले, उत्तरं त्याहून आखूड. पिठाचा ढीग एका बाजूने खचला. टोपलीतली चवड वाढत गेली. बाहेर पिंपळाखाली दोन गुराखी येऊन बसले होते आणि जेवणाची वाट बघत होते.

सोळाव्या भाकरीला केतकीने काही विचारलंच नाही.

मास्तरांनी ती थापली, भाजली, टोपलीत टाकली. "ही फुकट गेली," ते म्हणाले.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"कशाचं?"

"आम्ही ते खरं मानलं होतं." तिने वही मांडीवर आपटली. "सात वर्षांची पोरं होतो आम्ही. अंगणात खुर्च्या मांडून रेवती खेळायचो. कोण कप्तान यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मी फिजिक्स का घेतलं, माहितीये? रेवतीमुळे. आणि कॉलेजात पहिल्या वर्षी दाब शिकवला, तेव्हा मला ते दार आठवलं. घरी आले, कॅसेट लावली. दार आत उघडलं. त्या रात्री मी जेवले नाही. कुणीतरी आपल्याला इतकी वर्षं फसवलंय असं वाटलं. मग दुसरी चूक दिसली. तिसरी दिसली. मग दुसरं काही दिसेनाच. तुम्ही म्हणता पिंप होतं, खिडकी होती, लग्न होतं. सगळ्याला कारण आहे तुमच्याकडे. एकदा तरी 'चुकलं' म्हणा."

"चुकलं," मास्तर म्हणाले.

चूल फुरफुरली.

एवढ्या सहज ते म्हणतील असं केतकीला वाटलं नव्हतं. आणि म्हटल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

"आता विचार," मास्तर म्हणाले. "चार राहिल्यात."

सतरावी. अठरावी. दोन्हींची उत्तरं आली. एकोणिसावी ती घाईत विचारून बसली आणि विचारता विचारताच तिला कळलं, की याचं उत्तर तर तिलाच माहीत आहे.

परातीत मूठभर पीठ उरलं. मास्तरांनी ते हाताच्या कडेने गोळा केलं, पाणी घातलं आणि मळायला घेतलं.

"शेवटची."

केतकीच्या डोळ्यांपुढे गारगोटीची आत्या उभी राहिली. तिच्याच घरी सगळे भाग पाहिले होते. शनिवारी शाळा सुटली की केतकी आत्याकडे जायची. आत्या शेंगा फोडत टीव्हीसमोर बसायची आणि कप्तान यमुनेला सूनबाई म्हणायची. अजून दर दिवाळीला विचारते, "आलं का गं ते यान घरी?" मागच्या दिवाळीत केतकीने तिला वही दाखवली होती. आत्याने दोन पानं उलटली, चष्मा काढला. म्हणाली, "ते समदं ऱ्हाऊ दे. पोरं पोचली का, ते सांग."

आज रिकाम्या हाताने खाली उतरायचं, तर त्या प्रश्नाला आणखी किती दिवाळ्या...

तिने वही उघडली. जी नोंद आतापर्यंत टाळली होती ती काढली. ही तिला सगळ्यांत जास्त खुपायची आणि सगळ्यांत सोपी होती, म्हणून मागे राहिली होती.

"नोंद दोन," ती म्हणाली. "चौथा भाग. रेवती पहिल्यांदा परक्या सूर्यापाशी येते. सूर्य उगवतो. कप्तान म्हणते, 'बघा, निळा सूर्य.' पडद्यावर सूर्य पिवळा आहे. पिवळाधमक. समोर पिवळा दिसत असताना सातही माणसं त्याला निळा म्हणतात."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. बहुधा हिच्याकडून काही वेगळं येईल असं त्यांनाही वाटलं असावं.

"दिव्यावर लावायचा निळा कागद होता. एकच होता. दिव्याच्या धगीने पेटला. दुसरा मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. सूर्य पिवळा तो पिवळाच राहिला." त्यांनी उंडा परातीत ठेवला आणि थापायला सुरुवात केली. "झालं. हात धुऊन घे. पानं मांडायची आहेत."

थप थप थप.

केतकीने वही मिटली. पिशवीत टाकली. उठायला हात टेकला...

आणि तशीच थांबली.

"पण तो निळा होता," ती म्हणाली.

"पिवळा होता. तूच लिहिलंयस."

"कॅसेटवर पिवळा आहे. ते मी नंतर पाहिलं. लहानपणी पाहिला तेव्हा निळा होता."

"तेव्हाही पिवळाच होता. मीच टांगला होता."

"मी पाहिलाय. आत्याच्या घरी. निळा होता. जांभळट नाही, आकाशी नाही. निळा."

"आत्याकडे टीव्ही कुठला होता?"

"लाकडी पेटीतला. सरकत्या दाराचा. त्याला वरती..."

ती बोलता बोलता अडखळली.

मास्तरांचा हात चालू होता, पण मंदावला होता.

"वरती काय?"

"आत्याचा टीव्ही," केतकी हळूच म्हणाली, "ब्लॅक अँड व्हाइट होता."

सोनाक्कांनी आमटीवर झाकण ठेवलं. बाहेर एका गुराख्याने कुत्र्याला हाड केलं.

"यमुना 'निळा' म्हणाली," मास्तर म्हणाले. "तुझ्या कानाने ऐकलं, डोळ्याने रंग भरला. पोरांचं होतं तसं."

"नाही." केतकीने पिशवीतून वही पुन्हा ओढली. बोट झरझर रकान्यांवरून फिरलं. "सूर्य उगवतो बाराव्या मिनिटाला, चाळिसाव्या सेकंदाला. कप्तान बोलते एक्कावन्नाव्याला. मधे अकरा सेकंद आहेत. नुसतं संगीत. त्या अकरा सेकंदांत आत्या म्हणाली, 'काय निळंशार हाय गं.' आणि मी म्हणाले, 'गप ना.' कारण कप्तान काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. कप्तान नंतर बोलली."

"आधी कुठे उल्लेख असेल. पहिल्या तीन भागांत."

"नाहीये. पहिल्या तीन भागांतलं प्रत्येक वाक्य माझ्याकडे लिहिलेलं आहे. निळा हा शब्दच नाही. तुम्ही चौथ्या भागाच्या आधी तो कुणाच्या तोंडी घातलेला नाही."

"आठवण फसवते."

"माझी फसवेल. सात वर्षांची होते. आत्याची?"

मास्तरांनी भाकरीची कड बोटांनी सारखी केली.

"तिथे पिवळा होता," केतकी म्हणाली. आता तिचा आवाज भांडणाचा राहिला नव्हता. भिंतीपलीकडे काही वाजावं आणि कान लावून ऐकावं, तशी ती स्वतःचंच बोलणं ऐकत होती. "तुम्ही पिवळा पाठवलात. आमच्याकडे तो करडा आला. मग आम्हाला दोघींना... मास्तर, आम्हाला निळा कुठून दिसला?"

मास्तरांचे दोन्ही हात भाकरीवर थबकले.

मग ते पुन्हा हलले. भाकरी तव्यावर पडली. पाण्याचा हात फिरला. मास्तर तव्याकडे बघत राहिले. बघत राहिले...

"मास्तर," सोनाक्का म्हणाल्या. "ओ मास्तर. भाकरी करपाय लागली."

त्यांनी ऐकलं नाही. सोनाक्कांनीच उठून भाकरी उलटली. खालची बाजू काळी झाली होती.

"सोळा वर्षांत पयल्यांदा," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"हा वहीत आहे?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. ही तर चूकच नाही."

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

"मलाही," मास्तर म्हणाले.

त्यांनी हात झटकले. पिठाची भुकटी कवडशात उडाली आणि सावकाश खाली बसली. मग गुडघ्यावर हात टेकवून ते उठले. मांडीखालची परातीची कड सुटली. परात एकदा डगमगली, पाव वळसा फिरली आणि केतकीसमोर येऊन थांबली.

मोठी पितळी परात. पंगतीच्या कामाची. पीठ संपलं होतं, आणि दारातलं ऊन सरळ तिच्यात पडलं होतं. पिवळीधमक.

तिच्या काठाला, मांडीखाली दडलेल्या जागी, एक पोचा होता.

केतकी वाकली. तिने वही बघितली नाही, तिला गरजच नव्हती. अंगठ्याएवढा खोल, एका बाजूला निमुळता, खालच्या टोकाशी बारीकशी चुणी. अकराव्या भागात डावीकडे. एकोणिसाव्यात वर. चोविसाव्यात उजवीकडे. जगातल्या कुठल्याही परातींच्या ढिगातून तिने ही ओळखली असती.

तिने बोट पोच्यावर ठेवलं. परात चुलीच्या धगीने कोमट झाली होती.

"हां, त्योच पोचा," सोनाक्का म्हणाल्या. "चांगली मठाची परात. आमच्या सासूबाईंच्या वेळची. मास्तर म्हणाले, चार दिस न्हेतो, कामाला हवी. वर्षानं आणून दिली, ती ही अशी. काय केलं म्हणून इचारलं तर म्हणाले, वर टांगली हुती."

केतकीने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर फळीवरून पत्र्याची पेटी काढत होते. पाठमोरेच.

पेटीत शाळेच्या रेघी कागदांचा एक गठ्ठा होता, दोऱ्याने बांधलेला. त्यांनी तो कपाळाला वगैरे लावला नाही. धोतराला हात पुसला आणि गठ्ठा तिच्या हातात दिला, दुकानदार पुडा देतो तसा.

'परतीचं यान. भाग चाळीस.' पेन्सिलीचं अक्षर. कोपरे उंदरांनी खाल्लेले.

तिची बोटं आधी शेवटच्या पानाशी गेली. तिथे अडली. आत्याला सोडून कसं वाचायचं... तिने ते पान तसंच राहू दिलं आणि पहिलं उघडलं.

पहिल्या सहा ओळींत रेवतीचं दार आत उघडत होतं. टेबलावर आठ ताटं होती. नवव्या ओळीत कप्तानच्या डाव्या मनगटावर पट्टा होता आणि अकरावीत उजव्या.

तिचा हात सवयीने खिशाकडे गेला. लाल पेन बोटांत आलं. मग तिने ते तसंच धरून ठेवलं. टोपण काढलं नाही, परत ठेवलंही नाही.

"मास्तर."

"हं."

"यातल्या चुका... सुधारल्या तर चालतील?"

मास्तरांनी करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, चांगली तिच्या ताटात वाढली. गुराख्यांना हाक मारली. मग खाली वाकून त्यांनी ती परात उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवली.

"जेवण झालं की ही घासून आण. चिंच लाव, चकचकीत कर... पोचा तेवढा ठोकून काढू नकोस."